पाय दुखतो, हे कोण लिहून घेणार?

बाळंतपण म्हटलं की अंग दुखणारच, पाय सुजणारच. आई म्हणते, सासू म्हणते, वॉर्डातली नर्सही म्हणते. त्यामुळे एकाच पायाला सूज आली, पोटरी ठणकू लागली, कातडी गरम लागली, तरी बाई गप्प राहते. सांगितलंच, तर कुणी मनावर घेत नाही.

पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होते, त्याला डॉक्टर डीप व्हेन थ्रॉम्बोसिस म्हणतात. ही गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर बाई बघता बघता दगावू शकते. गरोदरपणात रक्त लवकर गोठू लागतं. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे सर्वांत धोक्याचे. सिझेरियन, लठ्ठपणा, जंतुसंसर्ग, पूर्वी झालेली गुठळी, यांनी धोका आणखी वाढतो. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना खाटेवर ठेवतात, पाणी मोजून देतात. तेही वाईटच. आणि असा सुजलेला पाय मालीशवालीकडून चोळून घेणं तर जिवावर बेतू शकतं. खरं तर डॉप्लर सोनोग्राफीने गुठळी समजते, रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांनी उपचार होतात. बाईचं म्हणणं वेळेत ऐकलं मात्र पाहिजे.

गुठळी झाली म्हणजे डॉक्टरचा निष्काळजीपणा झालाच, असं मात्र नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की उपचार अयशस्वी ठरले एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही. वाजवी कौशल्य आणि काळजी वापरली का, हे पाहायचं. मला हे योग्यच वाटतं. डॉक्टरला शत्रू मानून आपलं काम पुढे जाणार नाही. पण म्हणूनच प्रश्न नेमके हवेत. धोका आधी तपासला होता का? बाईने तक्रार केल्यावर पाय पाहिला का? तपासणीला पाठवलं का?

यांची उत्तरं केसपेपरवर शोधायची असतात. आमच्याकडे आलेले असे कागद वाचताना मला नेहमी एकच गोष्ट खुपते. नवऱ्याची सही ठिकठिकाणी असते, बाईच्या दुखण्याची एक ओळ नसते. आणि जे लिहिलेलं नाही, ते घडलंच नाही, असं वकील म्हणतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी आधी कागद मागावेत. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत ते द्यावे लागतात. मागणी लेखी करावी, पोच घ्यावी. बाई अचानक दगावली तर घरच्यांना शवविच्छेदन नको असतं. पण त्याशिवाय मृत्यू गुठळीने झाला हे सिद्ध करणं फार अवघड. त्या घडीला कुणीतरी शेजारी बसून हे समजावलं पाहिजे. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षं. रुग्णालयाला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

इथेच माझा खरा आक्षेप आहे. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आल्या; पण जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, ती रुग्णालयं बाहेर राहिली. म्हणजे बिल भरणारी बाई ग्राहक; मोफत बाळंत होणाऱ्या बाईपुढे दिवाणी दाव्याची लांबलचक वाट. विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. पण किती जणींना हे ठाऊक आहे?

भरपाईने गेलेली बाई परत येत नाही. म्हणून पहिली मागणी साधी असावी. प्रत्येक बाळंतिणीचा गुठळीचा धोका तपासून केसपेपरवर लिहा, आणि ती पाय दुखतो म्हणाली तर तेही, वेळेसकट, लिहा. लिहावं लागलं, की पाहावंही लागतं. आपल्या गावातल्या, वस्तीतल्या दवाखान्यात ही मागणी घेऊन आपणच जायला हवं.