दरवर्षी नव्याने

भाद्रपद सरत येतो. गणपती आपापल्या गावी गेलेले असतात, पितृपक्षाचे शांत दिवस सुरू असतात, पाऊस अजून पुरता हटलेला नसला तरी त्याचा जोर ओसरलेला असतो आणि दुपारच्या उन्हाला शरदाची पहिली धार चढलेली असते. याच दिवसांत महाविद्यालयांची आवारे गजबजू लागतात. जूनमध्ये कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून प्रवेशाच्या रांगेत उभी असलेली मुले आता रुळलेली असतात. ग्रंथालयाची खिडकी किती वाजता मिटते, कोणत्या वर्गात वारा चांगला येतो आणि कोणत्या प्राध्यापकांपाशी मनातले बोलता येते, हे त्यांना उमगलेले असते. सत्रपरीक्षा अजून थोडी लांब असते. मधल्या या चार-सहा आठवड्यांत वर्गाबाहेरचे महाविद्यालय भरते, आणि आपल्यापैकी ज्यांनी ते एकदा अनुभवले आहे त्यांच्या मनातून ते कधी सुटत नाही.

काचेच्या सूचनाफलकासमोर घटकाभर थांबले, तरी या ऋतूचे सगळे वेळापत्रक नजरेत भरते. युवा महोत्सवासाठी नावे द्यावीत. एकांकिकेच्या निवडीसाठी सभागृहात यावे. भित्तिपत्रकाचा मजकूर शुक्रवारपर्यंत मराठी विभागात द्यावा. कबड्डी संघाची निवड चाचणी मैदानावर होईल. रक्तदान शिबिरासाठी स्वयंसेवक हवे आहेत. आणि एका कोपऱ्यात, प्राचार्यांच्या सहीशिक्क्याच्या सूचनेखाली कुणीतरी पेनाने लिहिलेले असते : श्रमदानाला येताना जुने कपडे घालावेत, पाण्याची बाटली आणावी. सहीशिक्क्याची सूचना संस्थेची असते, पण पेनाने लिहिलेली ती ओळ एका विद्यार्थ्याची असते. सोबत येणाऱ्यांची काळजी आता आपल्याला घ्यायची आहे, हे त्याला कळलेले असते. या ऋतूचे मोल जोखायचे तर आपण त्या ओळीपासूनच सुरुवात करावी.

या दिवसांमध्ये 24 सप्टेंबरला वेगळे स्थान आहे. 1969 साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, याच दिवशी देशातल्या 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ‘एनएसएस’ या तीन अक्षरांनी ती पुढे गावोगावच्या महाविद्यालयांत घरचीच होऊन गेली. कोणार्कच्या सूर्यमंदिरातले रथचक्र हे तिचे बोधचिन्ह आहे, आणि स्वतःच्या आधी दुसऱ्याचा विचार हे तिचे ब्रीद. वर्षाला 120 तास असे दोन वर्षांत 240 तास काम आणि एखाद्या गावी सात दिवसांचे निवासी शिबिर, एवढेच तिचे साधे गणित. महाराष्ट्राला मात्र या तारखेची ओळख त्याहून जुनी आहे. 1873 साली याच दिवशी पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. दोन घटनांमध्ये जवळजवळ शतकाचे अंतर आहे आणि तारीख एक असणे हा निव्वळ योगायोग आहे. तरीही मराठी मुलुखातल्या विद्यार्थ्याने हा योगायोग मनाशी धरावा. ज्ञान ज्यांच्या दारापर्यंत पोहोचू दिले गेले नाही त्यांच्यापर्यंत ते नेणे हे शिकलेल्या माणसाचे पहिले काम, ही शिकवण आपल्याकडे जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आधीच घालून दिलेली आहे.

त्याच आठवड्यात 22 सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती येते. सत्यशोधक विचारांत वाढलेल्या या माणसाने 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापली. पुढे साताऱ्यातल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. या मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा मोडले. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले, तेव्हा शिकता शिकता राबायचे आणि राबता राबता शिकायचे ही रीत तिथे महाविद्यालयाच्या पातळीवर रुजली. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज आपल्या अनेक विद्यापीठांच्या योजनांमध्ये आहेत, आणि पुण्याच्या विद्यापीठाने तर आपल्या योजनेला कर्मवीरांचेच नाव दिले आहे. सप्टेंबरमध्ये सभागृहात त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो त्याच सकाळी कुणी विद्यार्थी ग्रंथालयातली पुस्तके पुसून जागेवर लावत असतो, कुणी विद्यार्थिनी रोपवाटिकेत पिशव्या भरत असते. जयंतीचा खरा समारंभ तिथेही चाललेला असतो.

शरदातले आवार नुसते कुदळ-फावड्याचे नसते, ते तालमींचेही असते. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने 1963 साली सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची हवा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये साऱ्या महाविद्यालयांत भरून राहते. भरत नाट्य मंदिरात पडदा उघडण्याआधी घुमणारा ‘आव्वाज कुणाचा’ हा पुकारा ज्याने एकदा ऐकला, त्याला आपले महाविद्यालय शपथपत्रावर सांगावे लागत नाही. त्याच सुमारास विद्यापीठांच्या युवा महोत्सवांत मूकनाट्य, लोकनृत्य, वादविवाद, मातीकाम, स्थळचित्रण यांची झुंबड उडते. 2022 साली पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी मूळ करंडक कोणत्याच संघाला न देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्यावर पुष्कळ बोलले गेले. मते निरनिराळी होती, पण एवढा जीव लावून बोलावे असे काहीतरी अजूनही विद्यार्थ्यांच्या रंगभूमीपाशी आहे, हे त्या चर्चेतून पुन्हा दिसले. करंडक एकालाच मिळतो. दिवसभराच्या तासिका आटोपून संध्याकाळी रिकाम्या वर्गात बाके सरकवून केलेली तालीम मात्र सगळ्यांच्या वाट्याला येते. प्रकाशयोजनेच्या बटणांपाशी बसलेल्या, वेशभूषेची ट्रंक सांभाळणाऱ्या, रंगमंचामागे चहाचे पेले मोजणाऱ्या मुलांनाही ती घडवते.

मग घट बसतात. मुलींच्या महाविद्यालयांत आणि वसतिगृहांत पाटावर हत्ती रेखला जातो, त्याभोवती फेर धरला जातो, कोल्हापूर-साताऱ्याकडे हादगा आणि पुण्याकडे भोंडला. डब्यातली खिरापत ओळखण्यात प्राध्यापिकाही हिरिरीने भाग घेतात. खंडेनवमीला आयटीआय आणि अभियांत्रिकीच्या कार्यशाळांमध्ये त्या दिवसापुरते काम थांबते. लेथ पुसून लख्ख केलेला असतो, चकवर हळदीकुंकवाची बोटे उमटलेली असतात, व्हाइसच्या दांड्याला झेंडूची माळ बांधलेली असते आणि एरवी तेलाने माखलेल्या त्या जागेत उदबत्तीचा वास दरवळतो. ज्या हत्यारांनी पोट भरायचे त्यांच्यापुढे हात जोडायचे, हा संस्कार आपल्याकडे घराघरांत आहे. तंत्रशिक्षणाच्या आवारात तो तितक्याच सहजपणे वावरतो. लागून येतो दसरा, आणि 15 ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, वाचन प्रेरणा दिन. महाराष्ट्राने 2015 पासून तो पाळायला सुरुवात केली. दर शरदात, कधी थोडे मागे कधी थोडे पुढे, शस्त्रपूजन, सरस्वतीपूजन आणि ग्रंथवाचन असे एकमेकांच्या हातात हात घालून येतात.

या सगळ्या उपक्रमांत एक काम असे आहे की ते पाहिल्यावर महाविद्यालय म्हणजे काय हे कळते. ओढ्यांचे पाणी निवळू लागले, की सेवा योजनेची मुले वनराई बंधारा घालायला जवळच्या गावी जातात. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेने गावोगाव नेलेला हा बंधारा अगदी साधा असतो. सिमेंटची नाहीतर खताची रिकामी पोती गोळा करायची, ओढ्याकाठची माती-वाळू त्यांत भरायची, दाभणाने तोंडे शिवायची आणि वाहत्या पाण्यात आडवी रचायची. रचताना खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर वरचे पोते आले पाहिजे, नाहीतर पाणी वाट काढते. फटींत चिकणमाती दाबायची. गावातले एखादे आजोबा काठावर उभे राहून पाण्याचा जोर कुठे आहे ते सांगतात, आणि दहावीनंतर हातात कधी फावडे न घेतलेली मुले ते निमूटपणे ऐकतात. दुपारपर्यंत पाणी मागे तुंबू लागते. पुढे आसपासच्या विहिरींना त्याची ओल लागते, गुरांना पाणी मिळते, रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याला एखादी पाळी जास्त देता येते. आणि पुढच्या पावसाळ्यात पहिला मोठा पूर हा बंधारा घेऊन जातो. मुलांना ते ठाऊक असते, गावालाही ठाऊक असते. पुन्हा शरद येतो, पुन्हा पोती भरली जातात, हात मात्र नवे असतात.

महाविद्यालयही असेच दरवर्षी नव्याने बांधावे लागते. इमारत दगडाची असते, ती टिकते. पण तिच्यातले चैतन्य दर तीन वर्षांनी वाहून जाते. गेल्या वर्षी नेपथ्याचा ट्रक ठरवणारी मुलगी आज कुठेतरी नोकरीला लागलेली असते, शिबिरात चाळीस जणांचा स्वयंपाक सांभाळणारा मुलगा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेला असतो. त्यांनी शिकलेले सगळे आता पहिल्या वर्षाच्या कुणाला तरी नव्याने शिकायचे असते. एका तुकडीने दुसरीच्या हाती दिल्याशिवाय इथली एकही परंपरा टिकत नाही. म्हणून या आवारात परंपरा आणि नवेपणा यांच्यात कधी भांडण नसते, कारण जे नव्याने केले जाते तेवढेच इथे परंपरा म्हणून उरते. आपल्या सार्वजनिक जीवनाचेही याहून निराळे नाही. लोकशाही, सलोखा, स्वच्छता, वाचनसंस्कृती यांतले काहीच एकदा बांधून कायमचे उरत नाही. हे वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, अंगातून घाम काढून कळणे हे मोठे शिक्षण आहे.

हे शिक्षण सर्वांना मिळते का, हा प्रश्न मात्र या निमित्ताने आपण स्वतःला विचारला पाहिजे. साडेपाचची एसटी चुकली तर घरी पोहोचायची दुसरी सोय नसलेली मुलगी संध्याकाळच्या तालमीला थांबू शकत नाही. दुपारी दुकानात काम करून फी भरणारा मुलगा निवड चाचणीला येऊ शकत नाही. पोशाखाचे, प्रवासाचे पैसे स्वतःचे घाला असे म्हटले, की यादीतून कुठली नावे गळतात हे सांगायला नको. ज्यांना या उपक्रमांची सर्वांत जास्त गरज आहे, तेच पुष्कळदा प्रेक्षकांतही नसतात. तालमीची वेळ दोन तास आधी घेणे, रात्री उशीर झाल्यास मुलींना घरपोच सोडण्याची व्यवस्था करणे, पोशाख महाविद्यालयाने पुरवणे, यांतले काहीच अवघड नाही. कर्मवीरांच्या जयंतीला त्यांच्या प्रतिमेपुढे उभे राहणाऱ्यांनी एवढे तरी करायलाच हवे.

नव्या शैक्षणिक धोरणाने सेवा योजना, क्रीडा, कला यांसारख्या उपक्रमांना अभ्यासक्रमात श्रेयांक दिले आहेत. ही स्वागतार्ह गोष्ट आहे, कारण वर्गाबाहेरच्या कष्टांची दखल इतकी वर्षे गुणपत्रिकेत फारशी नव्हती. तथापि श्रेयांक मिळाला म्हणजे सेवा झाली, असे होऊ नये. श्रमदानाचे छायाचित्र अहवालाला जोडायचे असते हे खरे. पण छायाचित्र काढून झाल्यावर फावडे खाली ठेवले गेले, तर ओढ्यात पाणी तुंबत नाही. मुलांना हा फरक उपदेशाने कळत नाही. ते प्राध्यापकांकडे पाहून शिकतात. जे प्राध्यापक स्वतः चिखलात उतरतात त्यांच्या शिबिरातली मुले पुढे आयुष्यभर कामाला लाजत नाहीत, याचे दाखले आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत.

म्हणून या शरदात ज्याचे-त्याचे काम स्पष्ट आहे. विद्यार्थ्यांनी सूचनाफलकावरच्या एका तरी यादीत आपले नाव घालावे, आणि जे येत नाही त्याच कामासाठी घालावे. पालकांनी ‘परीक्षा जवळ आली आहे’ हे वाक्य महिनाभर मागे ठेवावे. जो मुलगा सात दिवस गावात राहून येतो तो अभ्यासालाही अधिक शहाणा होऊन बसतो. संस्थाचालकांनी सभागृहाच्या भाड्यापेक्षा त्यातल्या तालमींचा हिशेब अधिक आस्थेने ठेवावा. आणि आपण, ज्यांचे महाविद्यालय कधीच मागे पडले, त्यांनीही दूर राहू नये. गावच्या महाविद्यालयातली एकांकिका तिकीट काढून पाहावी, रक्तदानाला जावे, घरातली चार चांगली पुस्तके तिथल्या ग्रंथालयाला द्यावीत, जमले तर शिबिराच्या एका जेवणाचा शिधा उचलावा. आपल्या वेळी कुणीतरी हे आपल्यासाठी केले होते. त्याची परतफेड त्यांना करता येत नाही, ती पुढच्या तुकडीलाच करावी लागते, आणि पुढची तुकडी या आठवड्यात आपापल्या आवारात कामाला लागली आहे.