सहीची घाई नको

12 जून 2025 ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान कोसळलं आणि 260 माणसं गेली. तुमच्या घरातलं माणूस त्यात गेलं असेल, तर आज कायद्याचं नावही नको वाटत असेल. तरी एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा: 12 जून 2027.

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला लागू असणाऱ्या माँट्रियल करारानुसार विमान कंपनीवरचा दावा दोन वर्षांच्या आत न्यायालयात दाखल करावा लागतो. कंपनीशी बोलणी चालू आहेत किंवा चौकशीचा अहवाल यायचा आहे, म्हणून ही मुदत थांबत नाही. शेवटच्या महिन्याची वाट पाहू नका.

कंपनीने 25 लाखांची अंतरिम मदत जाहीर केली, टाटा समूहाने 1 कोटी. मुलांची फी आहे, घराचा हप्ता आहे. पैसे घ्यायला संकोच करू नका. अंतरिम रक्कम पुढच्या भरपाईतून वळती होऊ शकते, पण ती घेतल्याने हक्क जात नाही.

हक्क जातो तो सहीने. पैशांबरोबर येणारा प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ‘पूर्ण व अंतिम’ किंवा ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’ असे शब्द दिसले, तर पेन खाली ठेवा. कागदाची प्रत मागून घरी आणा आणि आधी वकिलाला दाखवा. समोरचा कितीही आपुलकीने बोलत असला तरीही.

अर्जातल्या उत्पन्नाच्या रकान्यापाशीही थांबा. घर सांभाळणारी बाई गेली असेल, तर तिथे शून्य लिहून मोकळे होऊ नका. तिच्या कष्टांचं मोल आपली न्यायालयं पैशात धरतात. कमावतं माणूस गेलं असेल, तर पगाराच्या पावत्या, आयकराची विवरणपत्रं, तिकीट, मृत्यू दाखला आणि मुलांचे जन्म दाखले एका पिशवीत ठेवा.

माँट्रियल करारानुसार प्रवाशाच्या मृत्यूबद्दल 1,51,880 एसडीआरपर्यंत (हे करारातलं आंतरराष्ट्रीय चलन-एकक), म्हणजे साधारण पावणेदोन ते दोन कोटी रुपयांपर्यंत, सिद्ध झालेलं नुकसान कंपनीला चूक नसली तरी भरून द्यावं लागतं. त्याहून जास्त नुकसान असेल आणि आपला निष्काळजीपणा नव्हता हे कंपनीला सिद्ध करता आलं नाही, तर वरची रक्कमही मिळते. 2010 च्या मंगळूर अपघातात गेलेल्या एका प्रवाशाच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये 7.64 कोटी दिले. हा निकाल दहा वर्षांनी आला, हेही लक्षात असू द्या.

विमानातल्या कर्मचाऱ्यांपैकी काहीजण पनवेल, डोंबिवलीकडचे. त्यांच्या घरच्यांची वाट वेगळी आहे: नोकरीचा करार आणि कामावरच्या मृत्यूच्या भरपाईचा कायदा. विमान ज्या वसतिगृहावर कोसळलं तिथे, जमिनीवर गेलेल्यांसाठी 1855 चा प्राणघातक अपघात कायदा आहे. तिथेही मुदत दोनच वर्षं.

वकील भरपाईत टक्का मागत असेल, तर त्याला नाही म्हणा. भारतात वकिलाला तशी फी घेता येत नाही. अमेरिकेत विमान बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावता येतो आणि तिथले वकील टक्क्यावर काम करतात. पण तो करार मराठीत नीट समजून घेतल्याशिवाय सही करू नका.

दावा दाखल करण्याआधी सून आणि सासू-सासरे एकत्र बसा. भरपाई सगळ्या अवलंबितांची असते. घरातच दोन वकील झाले, तर फायदा समोरच्याचा होतो.

वकील परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि मोठ्या दुर्घटनेत सापडलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. फोन नंबर 15100.