आशाताईच्या पायपिटीचा हिशेब कोण मांडणार?

बाळ जन्मल्यावर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. या सहा दिवशी आशा स्वयंसेविकेने बाळंतिणीच्या घरी जायचे, बाळाचे वजन करायचे, ताप पाहायचा, धोक्याची लक्षणे दिसली तर दवाखान्यात पाठवायचे. बाळंतपण घरीच झाले तर पहिल्या दिवसाची एक भेट वाढते. २०११ पासून देशभर हे काम चालू आहे आणि गरिबांची लेकरे त्याने वाचतात. कामाबद्दल आमची तक्रार नाही. सवाल आहे तो ते करवून घेण्याच्या पद्धतीचा.

हजार लोकसंख्येमागे एक आशा, हा सरकारी हिशेब. कऱ्हाडच्या बागायती पट्ट्यात हजार माणसे चार आळ्यांत भेटतात. पाटण, जावळीच्या डोंगरात तेवढ्याच माणसांसाठी वाड्यामागून वाड्या चढाव्या लागतात. त्यात भेटीची तारीख ताई ठरवत नाही, बाळाचा जन्म ठरवतो. चार वाड्यांत चार बाळे असली तर एकाचा तिसरा दिवस सोमवारी, दुसऱ्याचा सातवा बुधवारी. वाट एकच, पण खेपा वेगळ्या. सहा आठवड्यांत चोवीस भेटी! लसीकरण, सर्वेक्षण, आरोग्य केंद्रातली बैठक आणि रात्री-अपरात्री अडलेली बाई हे सारे वर आणखी.

आणि मोबदला? योजना आली तेव्हा सहाही भेटींचे मिळून २५० रुपये, म्हणजे भेटीला पुरते बेचाळीस रुपयेही नाहीत. २०११ च्या सूचनांत तर माय-लेकरू बेचाळीस दिवस सुखरूप असले तरच पैसे, अशी अट होती. मधल्या चालण्याचे मोल शून्य. इंग्लंडमध्ये घरोघर सेवा देणाऱ्या कामगाराचा एका घरून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ किमान वेतनासाठी कामाचाच धरतात. तिथलेही मालक तो चुकवतात म्हणा, पण कायदा तरी आहे. आपल्याकडे 'स्वयंसेविका' हा गोड शब्द लावला की कायद्याचा प्रश्नच मिटतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. इथे मात्र त्यांना मानधनासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले, तेव्हा २०२४ मध्ये पाच हजारांची वाढ पदरात पडली.

आता आपल्या घरची गोष्ट. दिवस मावळला की राहते ती शेवटची भेट. शेवटचे घर कुणाचे? गावाच्या मनुवादी रचनेने आपली वस्ती कडेला ढकलली आहे. चावडीपासून निघालेली फेरी तिथे पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. दोष ताईचा नाही, अनेक ताई आपल्याच लेकी-सुना आहेत. फेरीची आखणीच तशी आहे.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी बाळंतिणीच्या हक्काच्या विधेयकाची बाजू घेतली होती. त्यांची आई भीमाई साताऱ्यातच गेली, ते लहान असताना. त्या समाधीला अभिवादन करणाऱ्या आपण सर्वांनी जिल्हा परिषदेला विचारले पाहिजे : डोंगरी भागात हजाराची अट शिथिल करण्याची मुभा योजनेतच आहे, ती कोणत्या वाडीला दिली? भेटीच्या नोंदीत बाळाच्या वजनाशेजारी ताई घरून किती वाजता निघाली आणि किती वाजता परतली, हा रकाना घाला. फेरी दूरच्या वस्तीपासून सुरू करा. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडायचा तर कार्यकर्त्यांनी ताईंशी आणि गटप्रवर्तकांशी आतापासूनच बोलून घ्यावे.