वळवाचे ढग पाहायला निघताना: उन्हाचे चार तास आणि विजेची तीस मिनिटे

एप्रिल-मे महिन्यात दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास पुण्याच्या आकाशात ढगांचे मनोरे चढू लागतात. खडकीतल्या गच्च्यांवर, होळकर पुलाजवळ, रेंज हिल्सच्या मोकळ्या जागांवर मोबाइल आणि कॅमेरे घेतलेली मुले दिसू लागतात. कुणाला विजेचा फोटो हवा असतो. कुणी रडारची चित्रे पाहून ढग कोणत्या बाजूला सरकतोय याचा अंदाज बांधतो, तर कुणी घरच्या पर्जन्यमापकात किती मिलिमीटर पडला ते वहीत लिहून ठेवतो. वादळाच्या मागे दुचाकीवरून शहराबाहेर जाणारेही असतात.

हा छंद पुण्याला शोभणाराच आहे. १९२८ मध्ये भारतीय हवामान विभागाचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आले, म्हणूनच शिवाजीनगरच्या त्या चौकाला आजही 'सिमला ऑफिस चौक' म्हणतात. पाषाणला आयआयटीएम ही हवामानशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. पण डॉक्टर म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. वळीव पाहणाऱ्याला एकाच दुपारी दोन धोके गाठतात: आधी ऊन आणि मग वादळ. पहिल्या धोक्याने थकलेले शरीर आणि डोके दुसऱ्या धोक्यात चुकीचा निर्णय घेते.

२०२३ चे दोन लागोपाठचे दिवस

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात, उघड्या मैदानावर झाला. लाखो लोक तासन्‌तास बसून होते. उन्हाचा त्रास होऊन १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरात नोंदलेले तापमान सुमारे ३८ अंश होते. विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल.

दुसऱ्याच दिवशी, १७ एप्रिलला, पिंपरी-चिंचवडमध्ये रावेत-किवळे भागात संध्याकाळी वादळी वारा आणि पाऊस आला. काही लोक आडोसा म्हणून महामार्गालगतच्या मोठ्या होर्डिंगखाली थांबले. ते होर्डिंग कोसळले आणि ५ जणांचा जीव गेला. पुढच्या वर्षी १३ मे रोजी घाटकोपरला असेच घडले. धुळीच्या वादळात पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून १७ जण मृत्युमुखी पडले.

यातले कुणीही वादळाच्या मागे गेलेले नव्हते. तरीही छंद म्हणून बाहेर पडणाऱ्याने या घटनांतून दोन गोष्टी घ्याव्यात. उन्हाचा बळी जायला ४५ अंशांची गरज नसते आणि वादळात जवळचा आडोसा सुरक्षित असतोच असे नाही.

ॲपवरचा आकडा तुमचा नसतो

वेधशाळेत तापमान मोजतात ते जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत. तिथे सावली असते आणि हवा खेळती असते. तुम्ही उभे असता ते सिमेंटच्या तापलेल्या गच्चीवर, डोक्यावर थेट ऊन घेऊन. म्हणून ॲप ३९ दाखवत असले तरी शरीरावर पडणारा ताण बराच जास्त असतो.

हवा त्वचेपेक्षा गरम झाली, की शरीर थंड ठेवायला घाम एवढा एकच मार्ग उरतो. वळवाच्या आधी हवेत बाष्प वाढते. त्यामुळे घाम येतो, पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम शरीराला थंड करत नाही. ज्या उकाड्यामुळे 'आज पाऊस येणार' असे आपण ओळखतो, तोच उकाडा शरीराला सर्वात जड जातो.

'उष्णतेची लाट' हा शब्दही नीट समजून घ्यायला हवा. हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल, किंवा थेट ४५ अंशांवर गेले असेल, तर लाट जाहीर होते. पुण्यात उन्हाळ्यात सरासरीच जास्त असते. त्यामुळे ४१ अंशांच्या दिवशीही लाट जाहीर होईलच असे नाही. शहरातला जुना उच्चांक ३० एप्रिल १८९७ चा, ४३.३ अंशांचा आहे आणि २८ एप्रिल २०१९ ला पारा ४३ वर गेला होता. लाट जाहीर झाली नाही म्हणून आजी-आजोबांनी दुपारी बाजारात जावे, असा अर्थ काढू नका.

चार वाजता नेमके काय होते?

समजा, एक मुलगा आठवडाभर एसीत काम करतो आणि रविवारी दुपारी बारा वाजता कॅमेरा घेऊन निघतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. ती त्याला झालेली नाही. सोबत एक लिटर पाणी आहे, ते दोन वाजताच संपते. तीन वाजता डोके दुखू लागते, चिडचिड होते, पायात गोळे येतात. ही उष्णतेमुळे आलेल्या थकव्याची लक्षणे आहेत. त्याच वेळी त्याने सावलीत जायला हवे होते, पण ढग आता कुठे आकार घेतोय.

चार वाजता एकदम गार वारा सुटतो. जीव सुखावतो, धूळ उडते, सगळे बाहेर येतात. हा वारा ढगातून खाली कोसळणाऱ्या थंड हवेचा असतो. म्हणजे वादळ दाराशी आले आहे आणि वीज पडण्याचा धोका सुरू झाला आहे. बरे वाटू लागते त्याच क्षणी आत जायचे असते. दमलेल्या माणसाला हे सुचत नाही.

अमेरिकेत वादळांचा पाठलाग करण्याची परंपरा जुनी आहे. तिथला अनुभवही हेच सांगतो. टिम समारास हे अत्यंत जाणकार अभ्यासक ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनोच्या चक्रीवादळात मुलगा आणि सहकाऱ्यासह गेले. एप्रिल २०२२ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाचे हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी वादळ पाहून परतताना रस्ते अपघातात दगावले. परतीच्या ओल्या रस्त्यावर दमलेल्या अवस्थेत गाडी चालवणे हाही या छंदातला मोठा धोका आहे.

विजेबाबत पाळायचे नियम

२०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ मृत्यूंची नोंद झाली. विजेसाठी '३०-३०' हा नियम लक्षात ठेवा.

• वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर वादळ साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत जा.
• शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटे बाहेर पडू नका.
• झाड, पत्र्याची शेड, होर्डिंग, गच्ची आणि दुचाकी यांपैकी काहीच सुरक्षित नाही. खडकीत जुनी मोठी झाडे खूप आहेत, त्यांच्याखाली गाडी लावून थांबू नका.
• मोबाइल वीज ओढून घेतो हा गैरसमज आहे. धोका मोबाइल घेऊन उघड्यावर उभे राहण्यात आहे.
• आयआयटीएमचे 'दामिनी' ॲप आणि हवामान विभागाचे पुढील तीन तासांचे इशारे निघण्याआधी पाहा.

वीज पडलेल्या माणसाला हात लावल्याने शॉक बसत नाही. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन करून लगेच सीपीआर सुरू करा. अनेकदा हृदय पुन्हा सुरू होते, पण श्वास थांबलेलाच राहतो. म्हणून येत असेल तर तोंडाने श्वासही द्या.

उष्माघात ओळखा

थकवा, चक्कर, मळमळ, गोळे येणे एवढेच असेल, तर सावलीत आडवे करा, कपडे सैल करा, ओआरएस घोटाघोटाने द्या. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नका. भरपूर गार पाणी ओता, ओल्या चादरीत ठेवून वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण हा संसर्गाचा ताप नसतो. खिशात कांदा ठेवल्यानेही उष्माघात टळत नाही.

जुने आजार असतील तर

• ब्लड प्रेशरसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, बीटा ब्लॉकर, ॲलर्जीच्या आणि मानसिक आजारांच्या काही गोळ्या यांमुळे ऊन जास्त बाधते. त्या स्वतःहून बंद करू नका. डोस आणि वेळ याबद्दल डॉक्टरांना उन्हाळ्याआधी विचारा.
• हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही. ओआरएसबद्दलही आधी विचारून घ्या.
• इन्सुलिन दुचाकीच्या डिक्कीत ठेवू नका.
• दमा असलेल्यांनी वादळाच्या आधी खिडक्या लावून घ्याव्यात आणि इनहेलर जवळ ठेवावा. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नमध्ये वादळामुळे परागकण फुटून पसरले, हजारो लोकांना श्वासाचा त्रास झाला आणि १० जण दगावले. आपल्याकडे धुळीच्या वाऱ्यानेही दमा उसळतो.

छंदाचा घराला उपयोग

घरात हवामानाच्या नोंदी ठेवणारा कुणी असेल, तर त्याला एक काम द्या. साधा डिजिटल थर्मामीटर घेऊन तो आजी-आजोबांच्या खोलीत ठेवायचा आणि दुपारी तीन व रात्री दहाचे तापमान आठवडाभर लिहायचे. पत्र्याच्या किंवा शेवटच्या मजल्यावरच्या खोल्या रात्रीही तापलेल्या राहतात. शरीराला सावरायला रात्रीचा गारवा लागतो. तो मिळत नसेल, तर उन्हाळ्यापुरती त्यांची झोपण्याची खोली बदला. खालच्या मजल्यावरची, वारा येणारी खोली बघा. औषधांबद्दल विचारायला दवाखान्यात जाल तेव्हा ती वही सोबत न्या. डॉक्टरांना त्या नोंदींचा नक्की उपयोग होईल.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषधांत कोणताही बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला.