पार्सलावरची बक्षिसी

एके काळचे शेतीचे गाव असलेले पुनावळे 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाले आणि शेजारी हिंजवडीची संगणकनगरी वाढू लागताच पाहता पाहता इमारतींनी भरून गेले. या इमारतींतील बहुसंख्य घरांत पती-पत्नी दोघेही नोकरी करतात. एकटे राहणारे तरुणही पुष्कळ आहेत. महामार्गाखालच्या भुयारी रस्त्यातील कोंडी ओलांडून रात्री घर गाठणाऱ्या माणसाच्या अंगी स्वयंपाकाचे त्राण उरत नाही. वाटेतल्या हॉटेलातून पार्सल नेणे ही त्याची चैन राहिलेली नसून गरज झाली आहे. या गरजेला अलीकडे एक नवे शेपूट फुटले आहे. गल्ल्यावर ‘टिप’ अशी चिठ्ठी लावलेला डबा असतो, कोठे त्याच कामासाठी वेगळा क्यूआर कोड चिकटविलेला असतो, आणि पैसे घेणारा इसम काही न बोलता त्याकडे दृष्टिक्षेप टाकतो. मागे रांग उभी असते. अशा वेळी दहा-वीस रुपये टाकणारा माणूस ते खुशीने टाकतो की संकोचाने, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

हॉटेलात बसून खाणाऱ्याची गोष्ट निराळी. वाढपी पाणी आणतो, काय ताजे आहे ते सांगतो, दोनदा सांबार वाढतो आणि शेवटी बडीशेपेच्या बशीतून बिल आणतो. त्या बशीत सुटे पैसे ठेवून उठणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे. सेवा आधी, बक्षिसी नंतर, आणि ती किती असावी याचा हिशेब फक्त देणाऱ्याच्या मनाशी, असे तिचे स्वरूप होते. पार्सलाच्या बाबतीत यांतले काहीच लागू पडत नाही. ग्राहक स्वतः चालत येतो, उभा राहतो, पिशवी स्वतःच वाहून नेतो, बांधणावळीचे पैसे पुष्कळदा वेगळे मोजतो आणि पदार्थ हाती पडण्यापूर्वीच, दहा जणांच्या देखत, त्याच्या औदार्याची परीक्षा घेतली जाते.

आपल्या समाजाने हक्क आणि खुशी यांत पूर्वापार भेद केला आहे. गावगाड्यातील बलुते हा कामाचा ठरलेला मोबदला होता. दिवाळीची पोस्त ही वर्षभराच्या सेवेची वर्षातून एकदा केलेली आठवण होती. बलुतेदाराचे बलुते बुडवून त्याला पोस्तीवर जगायला कोणी सांगितले असते, तर गावाने ते अन्याय्यच मानले असते.

यावर असे म्हटले जाईल की, भट्टीपुढे मध्यरात्रीपर्यंत राबणाऱ्या मुलांना पगार तुटपुंजा मिळतो. त्यांना चार पैसे मिळाले तर बिघडले कोठे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. स्वतः पगारावर जगणाऱ्या शिक्षकाने वा कारकुनाने तरी तो नेऊ नये. परंतु पगार पुरा पाडण्याचे काम ग्राहकाच्या संकोचावर सोपविले की काय होते, हे अमेरिकेत दिसते. तेथे टिप मिळविणाऱ्या कामगाराला मालकाने द्यावयाचे संघीय किमान वेतन 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवर थांबले आहे. टिप धरून 7.25 डॉलर भरले की कायद्याचे समाधान होते. आज तेथे नुसती कॉफी हातात घेणाऱ्यापुढेही टक्केवारीचा पडदा फिरविला जातो. आपल्या कायद्याने मालकाला अशी सवलत दिलेली नाही. ती रूढीच्या मागल्या दाराने येऊ देणे कामगाराच्याच मुळावर येईल.

सुदैवाने या प्रश्नाची दखल आपल्याकडे घेतली गेली आहे. बिलात सेवा आकार परस्पर जोडू नये, तो दुसऱ्या नावानेही वसूल करू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी बजावले. उपाहारगृहचालकांच्या दोन संघटनांनी त्याला आव्हान दिले. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी त्यांच्या याचिका फेटाळल्या. त्या निकालावर अपिले झाली आहेत. मे 2025 मध्ये प्रवासापूर्वीच ‘आगाऊ टिप’ मागण्याच्या पद्धतीबद्दल उबर कंपनीला नोटीस गेली. डब्यावरची चिठ्ठी या नियमांच्या कक्षेत बसत नाही, कारण ती सक्ती करीत नाही. ती फक्त लाजविते. म्हणूनच तिचा बंदोबस्त कायद्याने होण्यासारखा नाही, तो रीतीनेच व्हावयास हवा.

ही रीत अवघड नाही. मालकाला नोकरांना अधिक द्यावयाचे असेल, तर त्याने थाळीचा दर वाढवावा आणि तो फलकावर लिहावा. परवडेल तो घेईल. डबा ठेवावयाचाच असेल, तर तो गल्ल्यापासून दूर ठेवावा आणि त्यातील रक्कम भांडी घासणाऱ्यापर्यंत पोहोचते, हे दाखवून द्यावे. बिलातच आकार लादला गेला, तर ग्राहकाने तो काढावयास सांगावे आणि न ऐकल्यास 1915 या ग्राहक साहाय्य क्रमांकावर कळवावे. आणि भर पावसात दुचाकीवरून येऊन, बंद पडलेल्या लिफ्टला वळसा घालून सातवा मजला चढणाऱ्या मुलाच्या हातावर मात्र स्वतःहून काही ठेवावे. तेथे सेवा घडलेली असते.

देण्याची वृत्ती टिकवावयाची असेल, तर न देण्याचे स्वातंत्र्यही शाबूत राहिले पाहिजे. ज्या दानाला नकार देता येत नाही, त्याला आपल्या भाषेत पट्टी म्हणतात.