गळका व्हॉल्व्ह आणि मशीनचा बागुलबुवा

"छाती न उघडता, हार्ट-लंग मशीनशिवाय व्हॉल्व्ह बदला, दोन दिवसांत घरी!" असलं फॉरवर्ड आलं की माझं डोकं फिरतं. तंत्र खोटं आहे म्हणून नव्हे, अर्धंच सांगतात म्हणून.

व्हॉल्व्ह दोन तऱ्हांनी बिघडतो. एकतर नीट उघडत नाही, नाहीतर नीट मिटत नाही. २००२ साली फ्रान्समधल्या रुआँ इथे अलँ क्रिबिए यांनी मांडीतल्या रक्तवाहिनीतून घडी केलेला व्हॉल्व्ह हृदयात नेऊन बसवला, तो पहिल्या तऱ्हेसाठी. कॅल्शियम साचून दगड झालेल्या महाधमनीच्या व्हॉल्व्हमध्ये जाळी फुगवली की ती त्या दगडातच रुतते. गळक्या व्हॉल्व्हमध्ये बहुधा तसं कॅल्शियम नसतं. तोंड सैल, पडदे मऊ. जाळी धरणार कशाला? निसटली तर थेट हृदयात!

उपाय निघालेत की. पडदे चिमट्यात पकडून बसणाऱ्या जेनाव्हॉल्व्हच्या ट्रिलजीला युरोपात २०२१ साली मान्यता मिळाली. पण ती शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा रुग्णांसाठी. चाळिशीतल्या धडधाकट माणसाने त्याची वाट बघत बसायचं?

आणि वाट बघणं फुकट नसतं हो. परत आलेलं रक्त डावा कप्पा दर ठोक्याला पुन्हा ढकलतो, ताणून मोठा होतो. माणसाला वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, जाणवतं तोवर स्नायू थकलेला असतो. मग नवा व्हॉल्व्ह बसवूनही तो पूर्ववत होईलच असं नाही. आमच्या नात्यातल्या एका काकांनी "मशीनवर नको" म्हणत दीड वर्ष काढलं. आता जिना चढताना मधे बसतात.

मशीनशिवायचं एवढंच कौतुक असेल तर १९५२ बघा. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊनमध्ये चार्ल्स हफनागेल यांनी गळतीवर चेंडूचा व्हॉल्व्ह बसवला, मशीनशिवाय. कारण वापरण्याजोगं मशीन नव्हतंच! गिबन यांचं मशीन माणसावर यशस्वी झालं १९५३ मध्ये. मूळ जागी पोचता येईना म्हणून तो व्हॉल्व्ह खाली उतरणाऱ्या महाधमनीत बसवला. खालून परतणारं रक्त थांबलं, डोक्याहातांकडचं परततच राहिलं. वर टकटक आवाज, तो वेगळाच. १९६० साली ड्वाइट हार्केन यांनी व्हॉल्व्ह मूळ जागी बसवला, तो मशीन लावूनच.

मशीनचे धोके आहेत, कोण नाही म्हणतंय? ते सर्जनला विचारा. पण फॉरवर्डबहाद्दरांनो, पुढच्या वेळी एवढी एक ओळ जोडा: इकोच्या रिपोर्टमध्ये 'स्टेनोसिस' लिहिलंय की 'रिगर्जिटेशन', ते आधी बघा.