पान फाटले म्हणजे कणीस गेले काय?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने अळीवर काय लिहावे, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्यापैकी कित्येकांची फी मक्याच्या पट्टीतूनच येते. तेव्हा हा विषय परका आहे असे मला वाटत नाही.

अमेरिकन लष्करी अळी २०१६ साली आफ्रिकेत आणि २०१८ साली आपल्या देशात, प्रथम कर्नाटकात, आढळली. २०१९ च्या खरिपात ती आमच्या सिल्लोडकडच्या दोन एकरांत आली तेव्हा मी आठवीत होतो. आठ दिवसांत पानांची चाळणी झाली. आबा म्हणाले, "पानं गेली, मक्का गेली." दुकानदाराने उधारीवर औषध दिले. तीन फवारण्या झाल्या. नाल्याकडच्या सहा ओळी मात्र तिन्ही वेळा राहिल्या, कारण औषध तिथवर पुरतच नसे. मोडणीच्या वेळी त्या ओळींतली कणसे इतरांहून फारशी लहान नव्हती! उधारी मात्र पुढच्या हंगामापर्यंत पुरली.

सहा ओळींवरून सिद्धान्त मांडू नये, हे मी जाणतो. परंतु पुढे वाचनात आले की २०१७ साली घाना व झांबियातील शेतकऱ्यांनी आपले नुकसान शेकडा ४० ते ४५ सांगितले होते. आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या झिंबाब्वेतील अभ्यासात, प्रत्यक्ष शेते पाहून, उत्पन्नातील घट शेकडा १२ च्या आसपास निघाली. देश वेगळे, वर्षे वेगळी, हे खरेच. तरी मला वाटते, शेतकरी खोटे बोलत नव्हते, ते पान पाहून बोलत होते. मका पोंग्यातून नवे पान काढीत राहतो आणि कोवळेपणीची जखम बरीचशी भरून काढतो.

म्हणून अळी निरुपद्रवी ठरत नाही. चुलत्यांचा मका उशिरा पेरलेला होता. त्यांच्या कणसांतच अळी शिरली, दाण्यांना बुरशी आली आणि व्यापाऱ्याने माल परत केला. पोंग्यातला कोंब कुरतडला गेला तरी ते ताट गेलेच.

माझा आक्षेप फवारणीला नाही, तिच्या वेळेला आहे. अळी लहान असते तेव्हा पानावर नुसते पांढरे चट्टे दिसतात. ते कोणी पाहत नाही. मोठी भोके दिसून आपण धावतो तोवर अळी पोंग्यात खोल बसलेली असते (सोबतच्या अळ्याही तिनेच खाल्लेल्या असतात!) आणि वर तिच्याच विष्ठेचा भुसा साचलेला. औषध पोचणार कसे?

पेरणीपासून महिनाभर, आठवड्यातून दोनदा, शेतात पाच ठिकाणी वीस-वीस झाडे तपासावीत, अंडीपुंज चिरडावेत आणि गरज दिसली तरच सायंकाळी पोंग्यात औषध सोडावे, असे माझे मत आहे. आबांना हे सांगितले तर म्हणाले, "मोजायला माणूस कुठंय?"

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण पन्नास जण सात दिवस असतो. गेल्या खेपेस आपण देवळाचे आवार झाडले. ते गावकऱ्यांनी आदल्या दिवशीच झाडून ठेवले होते. हिवाळ्यातल्या त्या दिवसांत रब्बीचा मका गुडघाभर असतो. प्राध्यापक महोदयांनी यंदा याचा विचार करावा.